रोपं गुडघ्याशीच का अडकतात? चितळं, पडीक बांध्या आणि जाळीचं कोटेशन

तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून आधी माझ्या शब्दांत मांडतो. गोंदिया जिल्ह्यात जंगलाला लागून तुमच्या घरची सात एकर धानाची जमीन आहे. पाच वर्षांपूर्वी ती कसणं सोडलं आणि आता इथे जंगलच येऊ दे म्हणून तशीच ठेवली. रोपं आली, शेकड्यांनी आली. आवळा, बोर, तेंदू, बिजा, बेहडा. पण एकही गुडघ्याच्या वर जात नाही. वर जातात ते पळस, कुडा, घाणेरी आणि पावसाळ्यात तरोटा. रात्री चाळीसेक चितळं येऊन बसतात. अमेरिकेतले लेख वाचून तुमची खात्री झाली आहे की हरणं जंगलाचा खालचा थर संपवतात, आणि आता सातही एकरांना जाळी मारायचं कोटेशन हातात आहे. मारू का, असं विचारलंय.

माझं उत्तर: सातही एकरांना नको, आणि या वर्षी तर नकोच. का ते सांगतो. मी चोवीस वर्षं भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात जंगलाच्या खालच्या थराचं काम करतोय. आधी मोजमापाचं, नंतर ग्रामसभांच्या वनहक्काच्या जंगलांत रोपं वर काढण्याचं. जाळ्या मीही मारल्यात. त्यातली एक कशी अंगाशी आली ते पुढे सांगेन.

चितळं रोपं खातात का, हा प्रश्नच नाही. खातात. बघायचं ते हे की रोप नेमकं कोणत्या उंचीला अडकलंय आणि तिथे त्याला कोण अडवतंय. चितळाचं तोंड आरामात पोचतं ते तुमच्या छातीपर्यंत. मागच्या पायांवर उभं राहिलं तर डोक्यापर्यंत किंवा थोडं वर. सांबराचा पल्ला त्याहून जास्त. उलट घोट्याखालचं रोप बऱ्याचदा गवतात लपून जातं. म्हणजे घोट्यापासून डोक्यापर्यंतचा पाचेक फुटांचा टप्पा रोपाने एकदा ओलांडला की शेंडा सुटला. बी रुजायला आपल्याकडे पाऊस पुरेसा आहे, आणि मोठ्या झाडाला चितळ काही करू शकत नाही. अडतं ते मधेच. म्हणून कुठल्याही जंगलात गेलो की मी रोपांची एकूण संख्या सगळ्यात शेवटी लिहितो. आधी उंचीचे गट पाडतो: घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, डोक्यापर्यंत. घोट्याशी पाचशे रोपं आणि कमरेशी शून्य असेल तर त्या पाचशेवर खूश होण्यासारखं काही नाही. तुमच्याकडे नेमकं हेच दिसतंय.

आता अडवणारा कोण, ते रोपालाच विचारा. शेंडा तुटलाय तिथे खाली बसून नीट बघा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे कडक हिरडी असते. खालचे दात आणि वरची हिरडी यांत फांदी धरून ते हिसका देतं. त्यामुळे तुटलेलं टोक फाटल्यासारखं दिसतं, सालीचा एखादा धागा लोंबत राहतो. सशाचा चावा वेगळा: सुरीने तिरपा काप द्यावा तसा साफ, आणि बहुतेक वेळा वीतभर उंचीच्या आत. साळिंदर बुंध्याची साल कुरतडतं. शेंडा तुटलेलाच नाही, नुसता काळा पडून वाळलाय आणि बुडाशी साल करपलेली आहे, तर तो वणवा. आणि एक अडचण इथेच सांगतो. गाय, बकरी, रोही (नीलगाय) यांनाही वरचे पुढचे दात नसतात. फाटका शेंडा दिसला म्हणून तो चितळानेच खाल्ला असं ठरत नाही. लेंड्या बघा, खुरांचे ठसे बघा, आणि गावातली गुरं दुपारी कुठे असतात ते गुराख्याला विचारा. गुराखी सहसा खरं सांगत नाही, पण ‘तिकडं नाही जात’ म्हणताना तो ज्या दिशेला हात करतो ती दिशा लक्षात ठेवा.

दुसरी तपासणी थोडी मेहनतीची आहे, पण ती केल्याशिवाय एक पैसाही खर्च करू नका. गुडघ्याएवढं तेंदूचं किंवा बिजाचं एक रोप निवडा आणि मुळापर्यंत खणा. हाताने, सावकाश. वर पेन्सिलीएवढी काडी, चार पानं. आणि खाली? मी पहिल्यांदा खणलं तेव्हा सोबतचा वनमजूर हसत होता, त्याला माहीत होतं. वितीभर खाली मूळ अंगठ्याएवढं जाड झालं होतं, हातभर खाली मनगटाएवढं, आणि तिथून पुढे आम्ही दमलो. ज्या जागी काडी मुळाला मिळते तिथे गाठ असते, आणि त्या गाठीवर जुन्या मेलेल्या काड्यांच्या खुणा एकावर एक बसलेल्या. म्हणजे ते रोप एका वर्षाचं नसतं. दर उन्हाळ्यात वरचा भाग वाळतो, जळतो किंवा खाल्ला जातो, आणि पावसाळ्यात त्याच मुळातून नवा कोंब येतो. वर काही दिसत नाही, पण खाली साठा वाढत राहतो. तेंदू, बिजा, ऐन, सालवृक्ष, ही सगळी मंडळी या चालीची आहेत. वर्षानुवर्षं मरून उगवण्याची ही चाल हरणांच्या आणि वणव्यांच्या जंगलात वाढलेल्या झाडांची आहे.

तुमच्या पाच वर्षांच्या पडीक जमिनीत अशी मनगटी मुळं निघाली तर ती जुनी आहेत, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नांगराच्या फाळातून वाचलेली. निघावीत अशी माझी अपेक्षा आहे, निदान धुऱ्यांवर. मग नवीन झाडं लावायची तुम्हाला गरजच नाही.

धुऱ्यांवरून आठवलं. धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, पावसाळाभर पाणी साचतं, आणि वर्षानुवर्षं चिखलणी करून खाली जमिनीचा घट्ट थर झालेला असतो. बिजा, आवळा, तेंदू यांना पाय पाण्यात ठेवून उभं राहणं जमत नाही. तेव्हा बांधीच्या मध्यावर रोप नाही आणि धुऱ्यावर आहे, असा फरक दिसला तर त्या मोकळ्या मध्याचं खापर चितळांवर फोडू नका. दोन-तीन ठिकाणी धुरा फोडून पाणी वाहतं करा, दोन-तीन बांध्या मुद्दाम तशाच भरू द्या. पाणथळ जागेत अर्जुन, जांभूळ, करंज येतील. जंगलात सगळीकडे एकच झाडी असावी असं कुठे लिहिलंय?

आता चितळांकडे. तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात: रात्री येऊन बसतात. चितळ रात्री मोकळ्यावर बसतं. दाट झाडीत वाघ, बिबट्या जवळ येईपर्यंत दिसत नाही. उघड्यावर चाळीस जोड्या डोळे-कान कामाला येतात. जंगलाच्या कडेचं, माणसांच्या वस्तीजवळचं, गवत आखूड असलेलं पडीक शेत म्हणजे त्यांची शयनगृहाची जागा. ती तुमच्याकडे मुख्यतः तुमची रोपं खायला येत नाहीत, झोपायला येतात. आणि झोपायच्या आधी, उठल्यावर, मधे रवंथ करून झाल्यावर आजूबाजूला जे हिरवं मिळेल त्याला तोंड लावतात. म्हणजे जोवर ती सात एकर उघडी आहेत तोवर ती येणार, आणि ती येतात तोवर जमीन उघडी राहणार. हे चक्र मोडायला सगळी जमीन बंद करावी लागत नाही. उघडेपणा मोडावा लागतो.

याच झोपेच्या जागेचा दुसरा भाग बघा. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे फिरा, चितळं बसतात त्या दबलेल्या गवतात आवळ्याच्या आणि बोराच्या आठळ्या सापडतील, एका ठिकाणी दहा-पंधरा. चितळ आवळा अख्खा गिळतं आणि रवंथ करताना कडक आठळी तोंडातून बाहेर टाकतं. झाडाखाली नाही, जिथे बसलंय तिथे. जंगलात आवळ्याचं झाड असतं कुठे आणि तुमच्या धुऱ्यावर रोप येतं कुठे, तर मधला हमाल हा आहे. तुम्ही ज्यांना अडवायला निघालात त्यांनीच तुमचा आवळा पेरलाय! आणि पेरून तेच खातात. मला या जनावराबद्दल राग धरता येत नाही तो म्हणूनच.

खाण्यातही निवड असते, आणि जंगलाचा खालचा थर कोणता दिसेल हे त्या निवडीवर ठरतं. चितळ पावसाळ्यात मुख्यतः गवत खातं. तेव्हा तुमच्या रोपांना फारसा धोका नसतो, उलट गवत खाल्लं गेल्याने त्यांना ऊन मिळतं. हिवाळ्यात गवत कोरडं पडतं, मग पानं, शेंगा, फळं. उन्हाळ्यात पळसाची, मोहाची फुलं वेचतं, वानरांनी झाडावरून टाकलेल्या डहाळ्या खालच्या खाली संपवतं. चितळ आणि वानर एकत्र का दिसतात त्याचं एक कारण हे. आणि एप्रिल-मेमध्ये, सगळं रान तपकिरी असताना, खोल मुळांच्या जोरावर पावसाची वाट न पाहता ज्या रोपाला कोवळा लाल-हिरवा कोंब फुटतो, ते अख्ख्या शिवारात एकटं हिरवं असतं. वर्षभराचं नुकसान मुख्यतः त्या सहा-आठ आठवड्यांत होतं. जाळी असो की राखण, ती तेव्हा हवी. ऑगस्टमध्ये राखण करून उपयोग नाही.

आणि मागे उरतं काय? जे खाण्यासारखं नाही ते. कुड्याला चीक, घाणेरीला वास आणि खरखरीत पान, सागाचं पान खरबरीत, पळसाच्या पानाला चितळ सहसा विचारत नाही. तरोट्याची कोवळी भाजी आपल्याकडे चवीने खातात, चितळांना मात्र तिचं कौतुक नाही. अशी वर्षानुवर्षं एकतर्फी छाटणी झाली की खालचा थर रिकामा होत नाही, बदलतो. हिरवा दिसतो, पण नावं बदललेली असतात. सहलीला आलेल्या माणसाला तिथे भरगच्च जंगल दिसतं आणि मला दोन जातींचं.

यातून वाट काढणारी झाडंही आहेत. बोराचं झुडूप बघा तुमच्याकडचं. चितळ त्याचा शेंडा खातं, मग ते आडवं पसरतं, बाजूचे फुटवे खाल्ले की आणखी गच्च होतं, काटे आणि काटे. दिसायला खुरटलेलं. पण दरवर्षी ते इंच-दोन इंच रुंद होत जातं, आणि एक दिवस त्याचा मधला भाग चितळाच्या मानेच्या पोचेपलीकडे जातो. त्या वर्षी मधून एक सरळ सोट निघतो आणि एका पावसाळ्यात डोक्यावर जातो. भराटी या दुसऱ्या काटेरी झुडपाचंही तसंच. आणि या काटेरी गोळ्यांच्या पोटात हात घालून बघा, जाड शर्ट घालून. मला भराटीच्या एका झुडपात बेहड्याचं छातीएवढं रोप सापडलं होतं, पानं पूर्ण, एकही चावा नाही. त्याच्या भोवती वीस पावलांत बेहड्याची सगळी रोपं घोट्याशी चावलेली. तो बेहडा आज झाड आहे आणि ती भराटी त्याच्या सावलीत वाळून गेली. शेत साफ करायच्या नादात लोक आधी बोराट्या आणि भराट्या तोडतात. कृपा करून तोडू नका. फुकटची जाळी आहे ती.

अमेरिकेतल्या लेखांबद्दल. ते खोटे नाहीत, पण तिथला आकडा इथे लावू नका. पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलेगनी पठारावर १९८०च्या दशकात एक छान प्रयोग झाला. जंगलात मोठे कुंपणबंद भाग करून त्यांत पांढऱ्या शेपटीची हरणं ठरवून सोडली: चौरस किलोमीटरमागे ४, ८, १५ आणि २५ या घनतेने, आणि दहा वर्षं बघितलं. हरणं जसजशी जास्त, तसतशा खालच्या जाती कमी, रानबेरीची झुडपं गायब, आणि हरणं ज्याला तोंड लावत नाहीत त्या नेच्यांची सतरंजी. नेचे एकदा गच्च झाले की त्यांच्या सावलीत झाडाचं बीच वर येत नाही. म्हणजे हरणं कमी केली तरी जंगल लगेच परतत नाही. हा मुद्दा तुमच्या घाणेरीला तंतोतंत लागू आहे, तो लक्षात ठेवा. पण आकडा? पेंचच्या मध्य प्रदेशातल्या भागात चितळांची घनता चौरस किलोमीटरमागे ८०च्या आसपास मोजली गेली आहे, आणि तिथलं जंगल उभं आहे. कारण आपलं चितळ वर्षातले कित्येक महिने गवतावर असतं, आपली झाडं मुळातून उठणारी आहेत, आणि वाघ, बिबट्या, रानकुत्री अजून आहेत. अमेरिकेच्या पूर्वेकडे लांडगा आणि प्यूमा (तिथलं मोठं मांजर) माणसाने कधीच जवळपास संपवले. तिथला पंचवीस आणि इथला पंचवीस यांची तुलना होत नाही.

पण चितळ निरुपद्रवी आहे असंही म्हणवत नाही. अंदमानात बघा. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीसाठी तिथे चितळं नेऊन सोडली. त्यांना खाणारं मोठं जनावर त्या बेटांवर नाही, आणि तिथली झाडी हरणांच्या तोंडाखाली वाढलेलीच नाही. चितळं पोहत बेटांमागून बेटं गाठत गेली, आणि आज तिथल्या जंगलांचा खालचा थर ही खरी काळजी आहे. पोर्ट ब्लेअरसमोरच्या (आताचं श्री विजयपुरम) रॉस बेटावर, म्हणजे आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर, पर्यटकांच्या हातून खाणारी चितळं अनेकांनी पाहिली असतील. सगळे त्यांचे फोटो काढतात. मी गेलो तेव्हा झाडांच्या खालचे फोटो काढत होतो आणि बायको लांब जाऊन बसली होती.

तुमचं शेत अंदमान नाही, पेनसिल्व्हेनियाही नाही. कडेची जमीन आहे, जिथे वाघाचा धाक जंगलाच्या आतल्यापेक्षा कमी आणि माणसाचा, कुत्र्याचा वावर जास्त. धाकाने चितळाचं चरणं किती बदलतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ साली लांडगे परत आणल्यावर नदीकाठची झाडी उठली, ही गोष्ट जितकी सरळ सांगतात तितकी ती सरळ नाही, असं म्हणणारेही बरेच आहेत. मी माझ्यापुरतं एवढंच सांगेन की कडेच्या जमिनीवर मला चावे नेहमी जास्त दिसलेत.

आता माझी जाळी. सुरुवातीच्या काळातली गोष्ट. एका ग्रामसभेच्या जंगलात आम्ही वीस मीटर बाय वीस मीटरचे काही चौकोन जाळीने बंद केले, सात फूट उंच, बुडाशी दगड लावून. शेजारी तेवढेच चौकोन उघडे ठेवले. पहिल्या पावसाळ्यात मी रोज बढाया मारत होतो. आत कोंब सुटले, बिजाची रोपं कमरेला आली. आणि गवतही आलं. बाहेर चितळं आणि गुरं खाऊन गवत घोट्याशी, आत माझ्या छातीशी. मार्चमध्ये मोहफुलं वेचायच्या दिवसांत कुणीतरी झाडाखालचा पाचोळा पेटवला, ती आग पसरली. उघड्या चौकोनांतून ती पाचोळा चाटत निघून गेली, तिथली रोपं शेंड्याला करपली, जूनमध्ये पुन्हा फुटली. जाळीच्या आत मात्र वाळलेलं गवत माणसाएवढं. ज्वाळा जाळीच्या वर गेल्या. बिजाची कमरेएवढी रोपं बुडापासून गेली आणि एका चौकोनात तर जाळीच्या खांबांसकट सगळं. दुसऱ्या एका चौकोनाला आग लागली नाही, तिथे घाणेरीने जागा व्यापली. तिलाही चितळांची तुडवण नको होतीच की! तेव्हा समजलं की चितळ तुमच्या रोपाचं एका तोंडाने नुकसान करतं आणि त्याच तोंडाने त्याचा शत्रूही, म्हणजे गवत, कापत असतं. चितळ काढलं तर त्याचं काम तुम्हाला करावं लागतं: गवत कापणं, घाणेरी उपटणं, जाळरेषा (आग अडवायला मोकळे केलेले पट्टे) राखणं. सात एकरांना हे दरवर्षी करायला माणसं आहेत का तुमच्याकडे? असतील तर मग शेतीच का सोडली?

म्हणून करा काय, ते सांगतो. या उन्हाळ्याआधी तीन छोटे चौकोन करा, धुऱ्यालगत, जिथे रोपं आधीच गर्दीने आहेत तिथे, दहा मीटर बाय दहा मीटर पुरे. एक उघडा, नुसते कोपऱ्यांना खुंटे. दुसरा असा की गुरं अडतील पण चितळं वाकून किंवा उडी मारून जातील: दोन आडव्या बल्ल्या, एवढंच. तिसरा पूर्ण बंद, सात फूट. दोन पावसाळे थांबा. दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकोनात सारखीच रोपं वर आली तर तुमचा प्रश्न चितळांचा नव्हताच, गुरांचा होता, आणि तो जाळीने नाही, गावात बसून बोलून सुटतो. तिन्ही सारखेच राहिले तर जमीन, पाणी किंवा आग. फक्त तिसरा सुटला तरच चितळ. माझा अंदाज विचाराल तर तुमच्याकडे चितळ आणि आग अर्धे-अर्धे निघतील, पण तो तुम्ही टाकलेले फोटो बघून केलेला अंदाज आहे.

तोवर रिकामं बसायची गरज नाही. मनगटी मुळांची जी रोपं सापडतील, त्यांच्यावर खूण करा. मेच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या जरा आधी, त्यांची वाकडी, झुडपासारखी झालेली काडी जमिनीलगत धारदार कोयत्याने तिरपी कापा. वनखात्यातले जुने लोक याला कटबॅक म्हणतात. पाऊस पडला की चार-पाच फुटवे येतील. महिन्याभराने त्यातला जोरदार एक ठेवून बाकीचे काढा. एवढं मूळ मागे असल्यावर तो एक फुटवा पहिल्याच पावसाळ्यात कमरेच्या पुढे जातो. त्या फुटव्याभोवती बोराट्यांच्या फांद्या उलट्या रोवून कडं करा, काटे बाहेर, रुंदी तुमच्या दोन्ही हातांच्या कवेएवढी. अरुंद केलं तर चितळ मान आत घालतं. पुढच्या उन्हाळ्यात फांद्या वाळून विसविशीत होतात, तेव्हा एप्रिलच्या आधी नव्या रोवा. दोन किंवा तीन वर्षं एवढं केलं की रोप सुटतं. एकेकटं रोप राखू नका, आठ-दहांचा पुंजका निवडा. सात एकरांत असे वीस-पंचवीस पुंजके उभे राहिले की मधली मोकळी जागा तुटते, चितळांना चारी बाजूंनी दिसेनासं होतं, आणि रात्रीचा मुक्काम ती आपणच हलवतात. पूर्ण नाही हलवणार. मधे एक-दोन बांध्या त्यांच्यासाठी उघड्या ठेवल्या तर आवळ्याच्या आठळ्या येत राहतील.

घाणेरी मात्र आत्ताच काढा, जाळीच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे. मुळाच्या गाठीखाली कुदळ घालून उपटायची आणि उलटी टांगून ठेवायची, नुसती कापली तर दुप्पट होऊन येते. तिची फळं पक्षी खातात, म्हणून पुंजक्यांच्या भोवती दरवर्षी एक फेरी लागेल.

आणि एक गोष्ट कुणी सुचवली तरी करू नका: कुंपणात विजेचा प्रवाह सोडणं. लाइनवरून तार जोडून चितळं मरतात, वाघ मरतात, शेजारची पोरं मरतात. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा तर आहेच. काटेरी तारेचे चार पदरही नकोत, रात्री उडी मारताना चितळ त्यात अडकून फाटतं. जाळी लावलीच तर बारीक छिद्रांची, वरून पांढऱ्या पट्ट्या बांधून, म्हणजे अंधारात दिसते.

पहिल्यांदा मात्र ती खणाई करा आणि फोटो टाका, शेजारी हात ठेवून, म्हणजे मुळाची जाडी कळेल. धुऱ्यावरचं एक आणि बांधीतलं एक. जाळीवाल्याला सांगा, दोन पावसाळ्यांनी बघू. तो म्हणेल दर वाढतील. वाढू देत, लागलीच तर काही पुंजक्यांपुरती जाळी ती केवढी.